सर्व्हर नवा, तरी फाईल उघडेना: ऑफिसातले कॉम्प्युटरच फाईल सर्व्हरला कसे दमवतात?

सोमवार, सकाळचे सव्वादहा. ऑफिसात पन्नास-साठ माणसं येऊन बसलेली. चहाचा कप टेबलावर आला, पासवर्ड टाकून झाला आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. शुक्रवारी झटक्यात उघडलेली एक्सेलची शीट आज दोन मिनिटं झाली तरी उघडत नाही. कुणीतरी ओरडतं, "सर्व्हर हँग झालाय का रे?" आयटीवाला आत जाऊन सर्व्हर रिस्टार्ट करतो. अकराच्या सुमारास सगळं सुरळीत होतं आणि श्रेय रिस्टार्टला मिळतं. खरं तर रिस्टार्ट केला नसता तरी अकराला ते सुरळीत झालंच असतं.

असं महिनाभर चाललं की वेंडर कोटेशन घेऊन येतो. नवा सर्व्हर, दुप्पट रॅम, नवीन स्विच. मालक कुरकुरत का होईना पैसे देतो. पहिले आठ दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच चक्र. कारण दोष बरेचदा सर्व्हरमध्ये नसतोच. त्याला जोडलेले साठ कॉम्प्युटर, समोर बसलेल्या माणसाच्या नकळत, त्याला मिनिटाला हजारो बारीकसारीक प्रश्न विचारत असतात. कोणता कॉम्प्युटर कोणता प्रश्न विचारतोय हे शोधलं तर खर्च कित्येकदा शून्य येतो.

एक फोल्डर उघडला, तर किती प्रश्न?

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर 'झेड ड्राइव्ह' किंवा 'कॉमन फोल्डर' दिसतो तो त्या कॉम्प्युटरमध्ये नसतो. तो असतो फाईल सर्व्हरवर किंवा नॅस नावाच्या छोट्या डब्यात. विंडोजचे कॉम्प्युटर त्याच्याशी एसएमबी नावाच्या भाषेत बोलतात, लिनक्सचे बहुधा एनएफएसच्या भाषेत. सर्व्हर लिनक्सचा आणि कॉम्प्युटर विंडोजचे असतील, तर मध्ये सांबा नावाचं सॉफ्टवेअर दुभाष्याचं काम करतं.

माणसाला वाटतं, मी एक फोल्डर उघडला म्हणजे एकच काम झालं. पण कॉम्प्युटर सर्व्हरला विचारतो: हा फोल्डर आहे का? मला बघायची परवानगी आहे का? आत काय काय आहे? प्रत्येक फाईलचा आकार किती, तारीख कोणती, चिन्ह कोणतं दाखवू? फोटो असतील तर प्रत्येक फोटो थोडा किंवा पूर्ण वाचून त्याचं लहान चित्र तयार करायचं. आत दोन हजार फाईल असतील तर एका डबल-क्लिकमागे हजारो विनंत्या जाऊ शकतात.

तलाठी कार्यालयात एक माणूस सातबारा मागायला आला तर कारकून दमत नाही. पण साठ जण रांगेत उभे राहिले आणि दर पाच सेकंदांनी खिडकीत डोकावून "माझ्या उताऱ्यात काही बदल झाला का?" एवढंच विचारायला लागले, तर एकही उतारा न देता कारकुनाचा दिवस जाईल. फाईल सर्व्हरचं अगदी असंच होतं. डेटा फारसा हलत नाही, चौकश्याच फार होतात.

डिस्कचा हिशेब

सर्व्हरमध्ये साधी ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क असेल तर तिची तबकडी सेकंदाला १२० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या वर, आणि सुई त्या जागी सरकायला साधारण ८ मिलिसेकंद. एका कामाला झाले १२ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली छोटी कामं असतील तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ८० कामं उरकते. साठ कॉम्प्युटरांनी सेकंदाला फक्त दोन-दोन कामं दिली तरी ती मागे पडली!

सगळीच कामं डिस्कपर्यंत जात नाहीत, हे खरं. नुकतंच वाचलेलं सर्व्हर रॅममध्ये धरून ठेवतो आणि तिथूनच उत्तर देतो. म्हणून रॅम वाढवली की काही दिवस बरं वाटतं. पण लिहिण्याचं काम शेवटी डिस्कवर जावंच लागतं. त्यात रेड-५ पद्धतीनं डिस्क जोडलेल्या असतील तर एक छोटं लिखाण म्हणजे दोन वाचनं आणि दोन लिखाणं, अशी चार कामं होतात.

नेटवर्कचं गणित वेगळं आहे. एक गिगाबिटची लाईन सेकंदाला फार तर ११०-११५ एमबी नेते, १०० मेगाबिटची लाईन १२ एमबीच्या आतच. केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटली किंवा कनेक्टर सैल झाला, तर गिगाबिटची लाईन कुणालाही न सांगता १०० मेगाबिटवर उतरते. सर्व्हरचीच केबल अशी असेल तर सगळं ऑफिस रखडतं आणि शिव्या मात्र सर्व्हरला बसतात. म्हणून स्विचवरचे दिवे आधी पाहावेत. हे काम फुकटात होतं.

चाळीस वर्षांपूर्वीचा हाच घोळ

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात, कार्नेगी मेलन विद्यापीठानं आयबीएमच्या मदतीनं 'अँड्र्यू' नावाचा प्रकल्प हाती घेतला. विद्यापीठातल्या हजारो संगणकांना एकाच सामायिक फाईल व्यवस्थेला जोडायचं होतं. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले एम. सत्यनारायणन या कामातले एक प्रमुख संशोधक.

त्यांच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक संगणक फाईलची प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवायचा. म्हणजे सर्व्हरवर भार पडायलाच नको होता. तरीही एका सर्व्हरला वीसेक वापरकर्ते झाले की तो धापा टाकायला लागायचा. मोजल्यावर कळलं की सर्व्हरकडे येणाऱ्या विनंत्यांपैकी जवळपास ९० टक्के विनंत्या दोनच प्रकारच्या होत्या: "माझ्याकडची प्रत अजून ताजी आहे का?" आणि "या फाईलची माहिती दे." प्रत्यक्ष फाईल नेणं-आणणं त्या मानानं किरकोळ होतं.

पुढच्या आवृत्तीत त्यांनी उलटी पद्धत लावली. सर्व्हरनंच वचन द्यायचं की फाईल बदलली तर मी कळवीन, तोवर विचारू नकोस. त्याला 'कॉलबॅक' म्हणतात. त्यामुळे आणि सोबतच्या इतर सुधारणांमुळे तसाच सर्व्हर पन्नास वापरकर्ते सांभाळू लागला. आजच्या एसएमबीत 'ऑपलॉक' आणि 'लीज' नावानं अशीच वचनं असतात. पण एकच फाईल दोघांनी उघडली की वचन मोडतं आणि विचारणा पुन्हा सुरू होते. म्हणून तीसजण एकच अवाढव्य एक्सेल शीट दिवसभर उघडी ठेवतात तिथे ही सोय कामाला येत नाही.

चोर कोण कोण असतात?

फोटोंची छोटी चित्रं. विंडोज नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये 'थम्ब्स डॉट डीबी' नावाची लपलेली फाईल तयार करतं. मॅक प्रत्येक फोल्डरमध्ये 'डीएस स्टोअर' फाईल टाकतो. लिनक्सचा डेस्कटॉप लहान चित्रं वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये साठवतो आणि तो फोल्डरही सर्व्हरवर असेल तर फोटो सर्व्हरवरून वाचायचा आणि त्याचं चित्र परत सर्व्हरवरच लिहायचं, असा दुहेरी हेलपाटा होतो. लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ, जाहिरात एजन्सी, आर्किटेक्टचं ऑफिस इथे हा चोर हमखास सापडतो.

अँटिव्हायरस. रोज दुपारी साडेबाराला स्कॅन, अशी एकच वेळ सगळ्या कॉम्प्युटरवर लावलेली असते. त्यात 'नेटवर्क ड्राइव्हही तपासा' ही खूण राहून गेली असेल तर साठ कॉम्प्युटर एकाच वेळी तोच झेड ड्राइव्ह पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला घेतात. एकच घर साठ जणांनी झाडायचं!

शोध-सूची बनवणारे प्रोग्राम. विंडोजचा सर्च, गनोमचा ट्रॅकर, केडीईचा बालू. कॉम्प्युटर रिकामा दिसला की हे कामाला लागतात. म्हणूनच जेवणाच्या सुट्टीत, कुणी जागेवर नसताना, सर्व्हरवरचा भार वाढलेला दिसतो आणि आयटीवाला बुचकळ्यात पडतो.

आउटलुकच्या पीएसटी फाईल. "मेल सेफ राहावेत" म्हणून त्या सर्व्हरवर ठेवायची सवय अनेक ऑफिसांत आहे. मायक्रोसॉफ्ट स्वतः असं करू नका म्हणतं. कित्येक जीबीची ती फाईल दिवसभर उघडी राहते, सारखी थोडी थोडी लिहिली जाते आणि लाईन क्षणभर तुटली तर बिघडूही शकते. वेग गेला तर चिडचिड होते, पण इथे दहा वर्षांचे मेल जाऊ शकतात.

फिरती प्रोफाइल. कुठल्याही कॉम्प्युटरवर बसलं तरी आपला डेस्कटॉप दिसावा म्हणून विंडोज लॉगिन करताना तो सर्व्हरवरून ओढतं. लोक डेस्कटॉपवर काय काय साठवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. साठ जणांची प्रत्येकी २ जीबीची प्रोफाइल एकदम ओढायची वेळ आली तर १२० जीबी होतात. गिगाबिटच्या लाईनवर, दुसरं काहीही चालू नसताना, त्याला १८ मिनिटं लागतात. सव्वादहाचं चक्र कुठून येतं ते इथे कळतं.

ब्राउझर. हा सगळ्यात कमी संशयित, विशेषतः लिनक्सच्या लॅबमध्ये. त्याच्याबद्दल पुढे.

शोध कसा घ्यायचा?

पहिली गोष्ट, रखडायला लागल्यावर रिस्टार्ट करू नये. पुरावा तेव्हाच समोर असतो, रिस्टार्टनं तो पुसला जातो.

दुसरी गोष्ट, वेळ लिहून ठेवावी. दोन-तीन दिवसांच्या नोंदीतच अर्धं उत्तर असतं. फक्त लॉगिनच्या वेळी रखडतं तर प्रोफाइलकडे बघा. ठरलेल्या मिनिटाला रखडतं तर स्कॅन किंवा बॅकअप. अमुक माणूस आला की रखडतं, असंही निघतं, आणि ते हसण्यावारी नेऊ नये.

मग पाहायचं की सर्व्हर नेमका कशासाठी अडलाय. लिनक्सवर 'टॉप' ही आज्ञा दिली की 'लोड ॲव्हरेज' दिसतो. इथे भलेभले फसतात. लोड ४० दिसला की प्रोसेसर कमी पडतोय असं वाटतं. पण लिनक्सच्या लोडमध्ये प्रोसेसरसाठी थांबलेल्या कामांबरोबर डिस्कसाठी थांबलेली कामंही मोजली जातात. त्यामुळे लोड ४० आणि प्रोसेसर ९० टक्के मोकळा, असं चित्र सहज दिसू शकतं. त्याच पडद्यावरचा 'डब्ल्यूए' हा आकडा मोठा असेल तर अडचण डिस्कची आहे. 'आयओस्टॅट'मध्ये प्रत्येक डिस्क किती मिलिसेकंदांत उत्तर देते ते कळतं. विंडोज सर्व्हरवर हेच काम रिसोर्स मॉनिटर करतो. तिथे डिस्कचा प्रतिसाद सतत २०-२५ मिलिसेकंदांच्या वर असेल तर ती दमलीय असं समजावं.

आता मुख्य प्रश्न, कोण? विंडोज सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये 'शेअर्ड फोल्डर्स' असतं. त्यात 'सेशन्स' आणि 'ओपन फाइल्स' पाहिल्या की कोणत्या कॉम्प्युटरनं किती फाईल उघडल्यात ते दिसतं. बाकीच्यांच्या वीस-पंचवीस आणि एकाच्या चार हजार, असं दिसलं तर वेगळं काही शोधायला नको. नॅसमध्येही बहुधा जोडलेल्या वापरकर्त्यांची अशी यादी असते.

सांबामध्ये काम आणखी सोपं आहे. प्रत्येक जोडलेल्या कॉम्प्युटरसाठी 'एसएमबीडी'ची वेगळी प्रक्रिया चालते. 'टॉप'मध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या प्रक्रियेचा क्रमांक घ्यायचा आणि 'एसएमबीस्टेटस'च्या यादीत शोधायचा. समोर थेट कॉम्प्युटरचं नाव येतं. एनएफएसमध्ये अशी सोय नाही, सगळं कर्नलच्या पोटात होतं. तिथे 'एनएफएसस्टॅट'नं विनंत्यांचे प्रकार मोजायचे. 'गेटॲटर' आणि 'लुकअप' यांचा ढीग आणि 'रीड-राइट' थोडे, असं असेल तर हा नुसत्या चौकश्यांचा भार आहे, अँड्र्यूवाल्यांना दिसला होता तसाच. त्या कोण करतंय हे टीसीपीडम्प किंवा वायरशार्कनं दोन मिनिटं वाहतूक टिपली की कळतं. एनएफएससाठी पोर्ट २०४९, एसएमबीसाठी ४४५.

संशयित सापडला की त्याची लॅन केबल दोन मिनिटं काढून पाहायची. त्याआधी त्या माणसाला काम सेव्ह करायला सांगायचं, एवढं विसरू नये. भार उतरला तर चोर पकडला. मग त्या कॉम्प्युटरवर कोणता प्रोग्राम हे करतोय ते पाहायचं.

भार चोराचा की दरोडेखोराचा?

एक शक्यता वेगळी ठेवायला हवी. एकच कॉम्प्युटर झपाट्यानं फाईल उघडतोय, तेवढ्याच लिहितोय आणि फाईलींच्या नावांपुढे अनोळखी शेपूट लागत चाललंय, असं दिसलं तर ते स्कॅन नाही, रॅन्समवेअर आहे. तो सामायिक फोल्डरमधल्या फाईल एकेक करून कुलूपबंद करतोय. इथे दोन मिनिटांचा प्रयोग नाही. केबल लगेच काढायची आणि परत लावायची नाही. वायफाय असेल तर तेही बंद. सर्व्हरला बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर तीही तत्काळ वेगळी करायची, कारण पुढचा नंबर तिचा असतो. तो कॉम्प्युटर घाईनं फॉरमॅट करू नये, तपासाला तो लागतो. भारतात कंपन्यांनी असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचा, असा निर्देश २०२२ पासून आहे. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांकही आहे.

मे २०१७ मध्ये पसरलेला वॉनाक्राय एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भगदाडातूनच शिरला होता आणि ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयं त्यानं ठप्प केली होती. ती पहिली आवृत्ती हळूही आहे. तिच्यात शंभराहून जास्त प्रकारच्या आज्ञा होत्या, व्हिस्टासोबत आलेल्या दुसऱ्या आवृत्तीनं त्या १९ वर आणल्या आणि हेलपाटे कमी केले. तरीही जुन्या स्कॅनर-झेरॉक्स मशीनला फोल्डरमध्ये स्कॅन टाकता यावं म्हणून कित्येक ऑफिसांत पहिली आवृत्ती मुद्दाम चालू ठेवलेली असते. तो स्कॅनर बदलणं किंवा मेलवर स्कॅन पाठवणं स्वस्त पडतं.

कॉलेजची लॅब आणि पंधरा सेकंद

लिनक्सच्या लॅबमध्ये विद्यार्थ्यांचे होम फोल्डर एका सर्व्हरवर असतात. विद्यार्थी कुठल्याही मशीनवर बसला तरी त्याचं काम त्याला मिळतं. पद्धत उत्तम आहे, पण आजचे डेस्कटॉप होम फोल्डर आपल्याच डिस्कवर आहे असं गृहीत धरून लिहिलेले असतात.

फायरफॉक्सच घ्या. ब्राउझर अचानक बंद पडला तर उघडे टॅब परत मिळावेत म्हणून तो ब्राउझिंग चालू असताना साधारण दर १५ सेकंदांनी त्यांची नोंद लिहितो. घरी याचा पत्ताही लागत नाही. पण लॅबमध्ये ६० मशीन म्हणजे सेकंदाला सरासरी ४ वेळा ही फाईल सर्व्हरवर लिहिली जाते, तेही नुसत्या टॅबच्या नोंदीसाठी. त्यावर पाहिलेल्या प्रत्येक पानाची चित्रं कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा होम फोल्डरमध्ये. इतिहास आणि बुकमार्क एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये, आणि नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये कुलुपं नीट लागतीलच असं नाही, अशी सूचना एसक्यूलाइटचे कर्ते स्वतःच देतात.

आणखी एक लपलेली फाईल असते, 'एक्ससेशन-एरर्स'. एखादा बिघडलेला प्रोग्राम तिच्यात तीच चूक सेकंदाला शेकडो वेळा लिहीत राहतो. विद्यार्थी लॉगआउट न करता घरी जातो आणि सकाळी होम फोल्डरचा कोटा भरलेला असतो. मग त्याला लॉगिनच करता येत नाही, आणि सबमिशनच्या दिवशी हे झालं तर काय होतं ते लॅब असिस्टंटला विचारा.

उपाय साधा आहे. 'एक्सडीजी कॅश होम' ही सेटिंग बदलून कॅश त्या-त्या मशीनच्या डिस्कवर वळवायची. कॅश हरवली तरी कुणाचं नुकसान होत नाही. फायरफॉक्सची नोंद १५ सेकंदांऐवजी पाच मिनिटांनी करायची. ट्रॅकर किंवा बालू लॅबपुरते बंद. फाईल वाचली की तिची वेळ नोंदवायचं कामही सर्व्हरच्या डिस्कवर 'नोएटाइम'नं थांबवता येतं.

एक उपाय मात्र बरेच जण सुचवतात आणि तो जपून करावा: एनएफएसवर 'असिंक' चालू करणं. त्यानं सर्व्हर डिस्कवर लिहिण्याआधीच "लिहिलं" असं सांगून मोकळा होतो. वेग एकदम वाढतो. पण त्याच क्षणी वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी असेल, तर सेव्ह झालेलं म्हणून दाखवलेलं काम प्रत्यक्षात कुठेच नसतं.

विंडोजच्या ऑफिसात काय बदलायचं?

नेटवर्क फोल्डरमधली 'थम्ब्स डॉट डीबी' ग्रुप पॉलिसीतून बंद होते. अँटिव्हायरसनं नेटवर्क ड्राइव्ह तपासणं कॉम्प्युटरवर बंद करून तेच स्कॅन सर्व्हरवर रात्री एकदा लावायचं. सर्व्हरवर अद्ययावत अँटिव्हायरस असेल तरच, नाहीतर दार उघडं राहील. कॉम्प्युटरांच्या स्वतःच्या स्कॅनच्या वेळा पंधरा-पंधरा मिनिटांनी मागेपुढे करायच्या. पीएसटी फाईल स्थानिक डिस्कवर आणायच्या आणि रात्री आउटलुक बंद असताना त्यांची प्रत सर्व्हरवर घ्यायची. प्रोफाइलमधला डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स 'फोल्डर रीडायरेक्शन'नं वेगळे केले की लॉगिनच्या वेळचं ओझं बरंच उतरतं. हे बदल एकदम करू नयेत. दोन दिवसांत एक बदल केला आणि आकडे लिहून ठेवले की कशानं फरक पडला ते कळतं.

एवढं करूनही डिस्कचा प्रतिसाद २५ मिलिसेकंदांच्या खाली येत नसेल आणि ओपन फाइल्सची यादी सगळ्यांची सारखीच दिसत असेल, तर मात्र सर्व्हर खरोखरच अपुरा आहे. तेव्हाही पूर्ण सर्व्हर बदलण्याआधी रोज लागणारा डेटा एसएसडीवर हलवून पाहावा. हार्ड डिस्क सेकंदाला ८० छोटी कामं करते, तिथे साधी एसएसडीही हजारोंनी करते. जुने प्रोजेक्ट, मागच्या वर्षांचे हिशेब आणि फोटो जुन्याच डिस्कवर राहिले तरी चालतात.